श्रीमान् भागोजीशेठ कीर यांची दोन बांधकामे

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांतून पूर्वजांच्या पराक्रमाचे लेख वर्षानुवर्षे येत असतात, आणि ते यावेत हे उचितच होय. १६७९ साली खांदेरीच्या बेटावर इंग्रजांच्या आरमाराला दाद न देणारा मायनाक भंडारी आपला. मुंबई बेटाच्या संरक्षणार्थ इंग्रजांनी सतराव्या शतकात ज्यांची शिबंदी उभारली ते भंडारीही आपलेच. परंतु तलवारीचे माहात्म्य गाता गाता रंधा, थापी आणि ओळंबा यांच्याकडे आपले काहीसे दुर्लक्ष झाले आहे, असे प्रस्तुत लेखकास फार दिवसांपासून वाटत आले आहे. तलवारीने राखलेले बेट पुढे ज्यांनी दगड, चुना व लोखंड यांनी उभे केले, त्यांत आपल्या ज्ञातीच्या एका पुरुषाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते नाव म्हणजे कै. श्रीमान् भागोजी बाळूजी कीर.

भागोजीशेठ धनवान झाले व त्यांनी दानधर्म केला, एवढे आपल्या घराघरांतून ठाऊक आहे. परंतु दानशूर हा शब्द आपण इतका सैलपणे वापरतो की त्यात माणसाचा चेहरा दिसेनासा होतो. त्यांनी दुसऱ्यांसाठी काय बांधले आणि स्वतःच्या पैशाने काय बांधले, या दोहोंकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मात्र त्या माणसाचा स्वभाव स्पष्ट दिसू लागतो. म्हणून त्यांच्या पुष्कळ कामांपैकी दोहोंवरच या लेखात विशेष भर दिला आहे. एक दादरच्या समुद्रकिनारी आहे, दुसरे रत्नागिरीस.

प्रथम काळाची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे. माडाच्या पोयीला चीर देऊन माडी काढणे हा आपल्यापैकी अनेक घरांचा वंशपरंपरागत व्यवसाय होता. भंडारी या नावाची व्युत्पत्ती भांडारावरून करावी की मद्य गाळणाऱ्या मंडहारकावरून करावी, यावर आपल्या वडीलधाऱ्यांनी किती सभा गाजविल्या असतील कोण जाणे! व्युत्पत्ती कोणतीही असो, माड हा आपला अन्नदाता होता. १८७८ साली मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा आला, झाडावरचा कर चढत गेला, परवान्यांची जाचक बंधने आली, मक्तेदार आले. आणि ज्याच्या दारात माड आहे त्यालाच माडाला हात लावताना सरकारची परवानगी लागू लागली. कोकणातील कित्येक तरुणांच्या हातून कोयती त्या काळात सुटली. काही गिरण्यांत गेले, काही गोदीत, काही छापखान्यांत, आणि काही इमारतींच्या परांचीवर चढले. उंच माडावर चढण्याची सवय असलेल्या माणसाला परांचीची भीती ती काय वाटणार, असे एखाद्याने गमतीने म्हटले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

भागोजींचा जन्म रत्नागिरीस ४ मार्च १८६७ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी झाला. घरची स्थिती गरिबीची. शिक्षण प्राथमिक शाळेच्या पुढे जाऊ शकले नाही, आणि ऐन बालवयातच पोटासाठी मुंबईचा रस्ता धरावा लागला. रस्ता हा शब्द आपण सवयीने वापरतो; वस्तुतः त्या काळी रत्नागिरीहून मुंबईस जाणे म्हणजे समुद्रावरून जाणे होय. कोकणची आगगाडी पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्यापूर्वीच्या पिढ्यांनी समुद्रावर किती उलट्या केल्या आणि भाऊच्या धक्क्यावर उतरताना किती जणांच्या गाठी एका पंचाइतक्याच होत्या, याचा हिशेब कोण ठेवणार?

तो काळ मुंबईच्या बांधकामाचा सुवर्णकाळ म्हणता येईल असा होता. किल्ल्याचे कोट १८६० नंतर पाडले गेले होते. राजाबाई मनोरा व उच्च न्यायालयाची इमारत १८७८ च्या सुमारास पूर्णतेस आली. त्याच वर्षी बोरीबंदरच्या भव्य स्थानकाचे काम सुरू होऊन ते दहा वर्षे चालले. महापालिकेच्या इमारतीचे काम त्या पाठोपाठच. शहराच्या ज्या भागात जावे तेथे कुर्ल्याचा दगड, मालाडचा पिवळसर दगड आणि पोरबंदरचा मऊ दगड यांचे ढीग पडलेले. चुन्याच्या घाण्या फिरताहेत. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका उतरंडीसारख्या फळ्यांवरून वर जाताहेत. अशा शहरात सुतारकामाची हत्यारे हाती घेऊन भागोजी उभे राहिले. अक्षरओळख बेताची असली तरी लाकडाची पारख आणि मापाची नजर ही विद्या पुस्तकातून येत नाही. ती त्यांच्या हाताला लवकरच आली.

पुढे पालनजी मिस्त्री यांच्या पेढीशी त्यांचा संबंध जडला, आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. ही पारशी पेढी १८६५ साली लिटलवुड पालनजी या नावाने सुरू झालेली. गिरगाव चौपाटीवरील फरसबंदी आणि मलबार टेकडीवरील पाण्याचा जलाशय ही तिची आरंभीची कामे म्हणून प्रसिद्ध आहेत. शापूरजी पालनजी या नावाने तीच पेढी पुढे देशभर गाजली. कोकणातून आलेला एक सुतार या पेढीत कारागीर म्हणून शिरला आणि शेवटी भागीदाराच्या गादीवर बसला. जातिभेद सांगणाऱ्यांनी आणि जातिभेद मोडू पाहणाऱ्यांनीही या गोष्टीकडे जरा थांबून पाहावे. एक पारशी आणि एक भंडारी यांची गाठ पडली ती कोणत्याही परिषदेत नव्हे, कामाच्या जागेवर पडली.

बांधकामाचा ठेका म्हणजे काय, हे आपल्या नव्या पिढीस सांगावयास हवे. नकाशा काढणारा वास्तुशिल्पी वेगळा, पैसा घालणारा धनी वेगळा, आणि या दोघांच्या मध्ये उभा राहून तो कागद दगडात उतरविणारा तो ठेकेदार. टेंडर भरताना प्रत्येक घनफुटाचा भाव ठरवावयाचा. अनामत रक्कम गुंतवावयाची. बिल मंजूर होईपर्यंत आठवड्याचा मजुरीचा हप्ता स्वतःच्या खिशातून भागवावयाचा. पाऊस आला तर उघड्या पायातील पाणी उपसावयाचे. आणि मुदतीत काम न झाले तर दंड सोसावयाचा. भाव चुकला तर घर बुडते, मुदत चुकली तर नाव बुडते. या धंद्यात शब्दाला किंमत असते ती नीतिशास्त्र म्हणून नव्हे. शब्द मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चुनाही उधार मिळत नाही, इतके ते साधे आहे. भागोजीशेठ या व्यवहारात टिकले, वाढले आणि श्रीमंत झाले, एवढ्यावरून त्यांच्या डोक्याचा हिशेबीपणा आणि स्वभावाचा चोखपणा यांची कल्पना यावी.

१८९६ च्या प्लेगने मुंबईची दाणादाण उडविली आणि त्यातून १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाटीवाटीच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे, दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती बसविणे ही कामे त्या पुढच्या तीस वर्षांत झाली. याच काळात चुन्याची जागा सिमेंटने आणि लाकडी तुळयांची जागा लोखंडी सळयांनी घेतली. ज्यांना नवे तंत्र जमले नाही ते जुने मिस्त्री मागे पडले. सुतारकामापासून चढत आलेल्या भागोजींना ते जमले.

त्या पेढीच्या हातून उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी मुंबई सेंट्रलचे स्थानक आपल्यापैकी प्रत्येकाच्या पायाखालून गेलेले आहे. बी. बी. सी. आय. रेल्वेचे कुलाब्याचे स्थानक बंद करावयाचे होते व बाहेरगावच्या गाड्यांसाठी नवे स्थानक हवे होते. क्लॉड बॅटले या वास्तुशिल्पीने आराखडा केला, आणि अवघ्या एकवीस महिन्यांत ते प्रचंड काम पुरे होऊन डिसेंबर १९३० मध्ये स्थानक सुरू झाले. एकवीस महिन्यांत दोन पावसाळे तरी येतातच, हे ज्याने मुंबईत एक खोलीसुद्धा बांधली आहे त्याला सांगावे लागणार नाही. पुढे बॅकबेवर समुद्र हटवून काढलेल्या भूमीवर क्रिकेट क्लबसाठी क्रीडांगण बांधावयाचे ठरले. २२ मे १९३६ रोजी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी कोनशिला बसविली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी क्रीडांगण खुलेही झाले. त्या वेळी भागोजीशेठ सत्तर वर्षांचे होते.

आता एक विलक्षण गोष्ट पाहा. त्या क्रीडांगणाला नाव मिळाले कोनशिला बसविणाऱ्या गव्हर्नरांचे. इतिहासाच्या पुस्तकांत वास्तुशिल्प्याचे नाव येते. कधीकधी पेढीचे येते. ज्याने परांचीवर चढून, मुकादमांशी हुज्जत घालून, रात्रीच्या रात्री जागून ते उभे केले त्याचे नाव दगडावर येत नाही. हे भागोजीशेठांच्याच बाबतीत घडले असे नाही. ते बांधणाऱ्याच्या कपाळी लिहिलेलेच असते. बोरीबंदरच्या नक्षीत किती मराठी, गुजराती व तेलुगू हातांची बोटे झिजली, त्यांची यादी कुठे आहे?

मग स्वतःच्या मिळकतीतून बांधावयाची वेळ आली तेव्हा या माणसाने काय बांधले? मुंबईतील यशस्वी शेटजी साधारणतः काय करीत? मलबार टेकडीवर बंगला, स्वज्ञातीसाठी वाडी अथवा मंगल कार्यालय, आणि कुलदेवतेचे देऊळ. यात वावगे काही नाही. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत बसून ज्ञातीच्या वाडीची निंदा करणे हा कृतघ्नपणा होईल. आपल्या किती मुलींची लग्ने अशा वाड्यांत लागली आहेत! भागोजीशेठांनीही ज्ञातीकडे पाठ फिरविली नाही. परंतु त्यांची जी दोन बांधकामे लोकांच्या लक्षात राहिली, त्यांपैकी एकही केवळ भंडाऱ्यांचे नाही.

पहिले म्हणजे दादरची हिंदू स्मशानभूमी. नव्या वस्तीची आखणी करणाऱ्यांनी रस्ते आखले, बागा आखल्या. १९२५ साली माहीम पार्क या नावाने खुल्या झालेल्या मैदानाला १९२७ साली शिवछत्रपतींचे नाव मिळून ते शिवाजी पार्क झाले. हजारो कुटुंबे दादर-माहीम-परळ भागात राहावयास आली. माणसे राहावयास आली म्हणजे माणसे मरणारही, हा विचार नकाशा काढणाऱ्याच्या मनात सहसा शेवटी येतो. गिरणगावातला मजूर असो की हिंदू कॉलनीतला कारकून, प्रेत खांद्यावर घेऊन दूर जावयाचे म्हणजे गरिबाच्या घरी दुःखावर डाग. समुद्रकाठी जागा देऊन आणि स्वखर्चाने बांधकाम करून भागोजीशेठांनी ही स्मशानभूमी लोकांसाठी सिद्ध केली. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्यांचे नाव क्रीडांगणावर लागले नाही त्यांचे नाव येथे लागले.

स्मशानासाठी दान देणे हे पुण्यकर्म म्हणून सर्वांना मान्य, पण प्रत्यक्षात त्यासाठी पुढे येणारे थोडेच. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणारा दाता स्मशानाच्या दारावर नाव लावून घेण्यास कचरतो. त्यात त्याला अपशकुन दिसतो. भागोजीशेठांना तो दिसला नाही. कदाचित त्यांची शिवभक्ती त्याच्या मुळाशी असेल. स्मशानात राहणाऱ्या देवाची उपासना करणाऱ्याने स्मशानाचा विटाळ मानावा, यात तसा अर्थही नाही. प्रस्तुत लेखक आपल्या आप्तांना पोहोचविण्यासाठी तेथे अनेकदा गेला आहे. चिता पेटल्यावर लोक थोडे मागे सरतात आणि समुद्राकडे तोंड करून बोलत उभे राहतात. जवळच एखाद्या प्रसिद्ध नटाची चिता, पलीकडे एखाद्या हमालाची. ज्ञाती विचारणारा तेथे कोणी नसतो.

दुसरे बांधकाम रत्नागिरीचे. त्याची हकीगत जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तेथे केवळ द्रव्य पुरेसे नव्हते.

रत्नागिरीच्या किल्ल्याच्या परिसरात भागोजीशेठांनी शंकराचे देऊळ बांधले. ते भागेश्वर म्हणून प्रसिद्ध आहे. ज्याने देऊळ बांधले त्याचे नाव देवाच्या नावात गुंफण्याची आपल्याकडील रीत जुनीच आहे. परंतु देऊळ बांधण्याचा पैसा चालतो आणि पूजेला हात चालत नाही, ही त्या काळच्या धर्माची रीतही तितकीच जुनी. वेदोक्त विधींचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही, हा प्रश्न कोल्हापूरच्या छत्रपतींनाही ज्यांनी विचारला, ते भंडाऱ्याच्या पैशाला नमस्कार करतील आणि भंडाऱ्याच्या हाताला करणार नाहीत, यात नवल ते काय? लाखोंची उलाढाल करणाऱ्या माणसाला स्वतः उभारलेल्या गाभाऱ्यात संकोचाने उभे राहावे लागत असेल तर त्याच्या मनात काय चालत असेल, याची कल्पना आपल्या वृद्धांना चांगली आहे.

त्याच सुमारास, १९२४ पासून, विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घ्यावयाचा नाही आणि जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही, या अटींवर सरकारने त्यांना तेथे ठेविले होते. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. त्या अवधीत त्यांनी अस्पृश्यतानिवारण, सहभोजने आणि देवालयप्रवेश यांची चळवळ रत्नागिरीत चालविली. जुन्या देवळांत अस्पृश्यांना सर्वांबरोबर दर्शन मिळावे म्हणून खटपट झाली, वादविवाद झाले, सनातन्यांनी आपली बाजू नेटाने लढविली. जुने दार उघडण्यास वेळ लागत आहे असे दिसल्यावर, पहिल्या दिवसापासूनच सर्व हिंदूंना सारखे उघडे असेल असे नवे देऊळ बांधावे, ही कल्पना पुढे आली. आणि तिला लागणारे द्रव्य भागोजीशेठांनी पुढे केले. त्या देवळाचे नाव पतितपावन.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. भागोजीशेठ हे मोठमोठी कामे घेणाऱ्या पेढीचे भागीदार होते. गव्हर्नरांनी कोनशिला बसवाव्यात अशी ती कामे. आणि ज्याच्या शब्दावर त्यांनी थैली मोकळी केली तो गृहस्थ अंदमानातून सुटून आलेला, पोलिसांच्या नजरेखालचा राजबंदी. धंद्याच्या दृष्टीने हा शहाणपणा नव्हता. दुसरीकडे रत्नागिरीतला भिक्षुकवर्ग आणि स्पृश्य समाजातील पुष्कळ मातब्बर मंडळी नाराज होणार हेही उघड होते. यात आपल्या ज्ञातीतलेही काही लोक असतील हे नाकारण्यात अर्थ नाही. वरच्या पायरीवरून ढकलला गेलेला माणूस खालच्या पायरीवरच्याला ढकलण्यास मागेपुढे पाहत नाही. आपणही त्याला अपवाद नव्हतो. भागोजीशेठांचे मोठेपण असे की स्वतःला जो काटा टोचला तो त्यांनी केवळ आपल्या पायातून काढला नाही. त्यांनी भंडाऱ्यांना गाभाऱ्यात प्रवेश मिळावा एवढेच मागितले असते तर पैशाच्या बळावर तडजोड होऊ शकली असती. त्यांनी महार, चांभार, भंगी यांच्यासकट सर्वांचे देऊळ बांधले.

१० मार्च १९२९ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते पतितपावन मंदिराची कोनशिला बसली. बांधकाम चालू असतानाच महाराष्ट्रात काय घडत होते ते ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी पुण्यास पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि तो वर्षानुवर्षे चालूनही ते दार उघडले नाही. अशा वेळी, २२ फेब्रुवारी १९३१ रोजी, रत्नागिरीच्या देवळात लक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठापना झाली आणि सर्व जातींच्या हिंदूंनी एकत्र दर्शन घेतले. या देवळाच्या नावात कोठेही कीर नाही, भागोजी नाही. भागेश्वर बांधताना देवाच्या नावात आपले नाव आले होते. येथे ते घालण्याचा मोह झाला नाही.

एवढे गौरवाने लिहिल्यावर दुसरी बाजू न सांगणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. नवे देऊळ बांधल्याने जुनी देवळे बंदच राहण्यास मोकळी झाली, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला व तो पूर्णपणे निराधार नव्हता. जुन्या देवळांची दारे मुंबई राज्यात कायद्याने उघडली ती १९४७ साली. १९३३ च्या फेब्रुवारीत रत्नागिरीच्या किल्ल्यावरील एका देवळाच्या समारंभासाठी सावरकरांनी डॉ. आंबेडकरांना निमंत्रण धाडले होते. बाबासाहेबांनी आदरपूर्वक उत्तर पाठविले, कामाच्या व्यापामुळे येणे जमणार नाही म्हणून कळविले, चाललेल्या कार्याबद्दल संतोष व्यक्त केला. परंतु केवळ अस्पृश्यता जाऊन भागणार नाही, चातुर्वर्ण्यच गेले पाहिजे, आणि तुमच्या तोंडी अद्याप त्याची भाषा आहे, हेही त्यांनी स्पष्टपणे सुनावले. पतितपावन हे नावसुद्धा विचार करावयास लावणारे आहे. ज्याला कोणी तरी पतित ठरविले आहे तोच पावन व्हावयाचा. देवळात येणाऱ्या महार बंधूला हे नाव कसे वाटले असेल, हा प्रश्न आपण अजूनही स्वतःला विचारीत नाही.

तथापि या आक्षेपांमुळे भागोजीशेठांच्या कृतीची किंमत उणी होते असे लेखकाला वाटत नाही. तो काही पंडित नव्हता. वर्णव्यवस्थेची मीमांसा त्याने कधी केली नाही. तो बांधणारा माणूस होता. वाद कितीही चालो, पाया खणल्यावाचून भिंत उभी राहत नाही हे त्याला ठाऊक होते, आणि त्याने आपल्या वाट्याचा पाया खणला.

त्याच काळात आपल्याच ज्ञातीतील दुसरे एक पुरुष दुसऱ्या प्रकारचे बांधकाम करीत होते, त्यांचा उल्लेख येथे न करणे अन्याय होईल. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे मंजूर करून घेतले. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा संग्राम याच ठरावाच्या आधाराने झाला, हे सर्वविश्रुत आहे. ग्रामजोशाला न बोलाविताही त्याच्या दक्षिणेचा हक्क द्यावा लागे. ती सक्ती मोडणारा १९२६ चा कायदाही बोल्यांच्याच प्रयत्नाचे फळ. एकाने कायद्याच्या पुस्तकात दार पाडले, दुसऱ्याने दगडात. दोघे ज्या ज्ञातीत जन्मले तिच्या संस्था आज शिष्यवृत्त्या वाटतात, वधूवर मेळावे भरवितात. ते चांगलेच आहे. पण बोल्यांचे नाव दादरच्या ज्या रस्त्याला आहे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या आपल्या किती मुलांना तो ठराव ठाऊक आहे? वार्षिक सभेत जेवणाच्या पंगतीपूर्वी दहा मिनिटे कोणी तो वाचून दाखविला तर कार्यकारिणीने रागावू नये.

या साऱ्या घडामोडींची नोंद ज्यांच्यामुळे व्यवस्थित राहिली ते चरित्रकार धनंजय कीर हेही रत्नागिरीचे आणि आपल्याच ज्ञातीचे. महात्मा फुले, डॉ. आंबेडकर, सावरकर या तिघांचीही चरित्रे एकाच लेखणीने लिहावीत, हे धाडस रत्नागिरीत वाढलेल्या माणसालाच सुचावे. त्यांना १९७१ साली पद्मभूषण मिळाले, तेव्हा आपल्या घरांतून पेढे वाटले गेले होते.

भागोजीशेठांचे निधन २४ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. तीही महाशिवरात्रच होती. शिवरात्रीला जन्म आणि शिवरात्रीला मृत्यू, या योगावर आपल्या भाविक मंडळींनी पुष्कळ बोलावे. तो त्यांचा हक्क आहे. लेखकाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की मृत्यूपूर्वी दहा वर्षे तरी हा माणूस आपल्या नगरीतील देवळात सर्वांच्या रांगेत उभे राहून दर्शन घेऊ शकत होता. रत्नागिरीच्या विधी महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. प्राथमिक शाळेनंतर ज्याची पाटी सुटली त्याच्या नावाच्या छपराखाली आज मुले कायदा शिकतात. त्यांत आपलीही आहेत आणि ज्यांच्यासाठी १९३१ साली ते दार उघडले त्यांचीही आहेत.

दादरच्या स्मशानभूमीविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस डॉ. बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. त्यांचा देह रात्री मुंबईस आणला गेला आणि दुसऱ्या दिवशी लाखोंच्या जनसागरातून अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीकडे आली. बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले ते याच समुद्रकिनारी, भागोजीशेठांच्या स्मशानभूमीला लागून. आज तेथे चैत्यभूमीचा स्तूप आहे. भागोजीशेठांना जाऊन त्या वेळी पंधरा वर्षे लोटली होती. रत्नागिरीचे निमंत्रण ज्यांना १९३३ साली स्वीकारता आले नव्हते, ते शेवटी रत्नागिरीच्या एका सुताराने बांधलेल्या भिंतीच्या शेजारी येऊन विसावले. दर वर्षी ६ डिसेंबरला त्या किनाऱ्यावर पाय ठेवावयास जागा नसते. त्या दिवशी एखाद्या घरी मृत्यू झाला तर दादरकर मंडळी तिरडी घेऊन त्या गर्दीतून निघतात, आणि गर्दी दोन्ही बाजूंना सरून वाट करून देते.